चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना समजून कसा पाहावा

युरोपातील क्लब फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. तिच्या बाद फेरीत अंतिम सामन्यापर्यंतची प्रत्येक लढत घरच्या आणि बाहेरच्या अशा दोन मैदानांवर खेळली जाते, त्यामुळे पहिल्या सामन्यात झालेली चूक दुसऱ्या सामन्यात निस्तरता येते. अंतिम सामन्यात ही सोय नाही. तो आधीच ठरलेल्या मैदानावर होतो. बरोबरी झाली तर ३० मिनिटांचा जादा वेळ, तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टी शूटआऊट, आणि निकाल त्याच रात्री. पूर्वी बरोबरीनंतर सामना पुन्हा खेळवण्याची पद्धत होती. १९७४ मध्ये ब्रसेल्सला बायर्न म्युनिक आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद यांची लढत १-१ अशी सुटली, दोन दिवसांनी ते पुन्हा भिडले आणि बायर्नने ४-० असा विजय मिळवला. या स्पर्धेचा अंतिम सामना दोनदा खेळवावा लागल्याचे ते एकमेव उदाहरण आहे.

सगळे काही एका सामन्यावर अवलंबून असल्यामुळे प्रशिक्षक त्यासाठी खास आखणी करतात, आणि ही आखणी चेंडूजवळ क्वचितच दिसते. कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो, समालोचक चेंडूबद्दल बोलतात आणि पाहणाऱ्याची नजरही तिथेच खिळून राहते. सामना मात्र बहुतेक वेळा ठरतो तो चेंडू नसलेल्या खेळाडूंनी मोकळ्या केलेल्या किंवा बंद केलेल्या जागेत. खालील सर्व पायऱ्या नजर तिकडे वळवण्यासाठी आहेत. खेळाचे नियम ठाऊक आहेत, गोल झाला की आनंदही होतो, पण तो गोल नेमका कशामुळे झाला हे सांगता येत नाही, अशा वाचकाला त्यांचा उपयोग व्हावा. वही, पेन्सिल आणि शक्य असल्यास सामना मागे नेऊन पाहण्याची सोय एवढेच साहित्य पुरते.

पहिली पायरी: दोन्ही संघांची वाटचाल तपासणे

२०२४-२५ च्या हंगामापासून स्पर्धेचे स्वरूप बदलले आहे. ३६ संघांचा एकच गुणतक्ता असतो आणि प्रत्येक संघ त्यात आठ सामने खेळतो. पहिले आठ संघ थेट अंतिम १६ मध्ये जातात, तर नवव्या ते चोविसाव्या क्रमांकाच्या संघांना आधी प्ले-ऑफची लढत जिंकावी लागते. हा गुणतक्ता पाहून अंतिम सामन्याचा अंदाज बांधण्याचा मोह होतो, तो टाळावा. नव्या स्वरूपाच्या पहिल्याच वर्षी पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी, या तक्त्यात पंधराव्या स्थानावर होता. आर्सेनल, अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि बायर्न या तिघांकडून तो हरला होता. इंटर मिलान चौथा होता आणि आठ सामन्यांत त्याच्यावर फक्त एक गोल झाला होता. ३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये हे दोघे समोरासमोर आले तेव्हा पीएसजीने ५-० असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात इतक्या फरकाने याआधी कोणीही जिंकले नव्हते.

तक्ता का फसला याचे उत्तर तारखांमध्ये आहे. ख्विचा क्वारात्सखेलिया जानेवारीत नापोलीहून पीएसजीत आला, उस्मान डेंबेले उजव्या बगलेवरून आक्रमणाच्या मध्यभागी स्थिरावला, आणि शरद ऋतूत हरणारा संघ वसंतात राहिलाच नव्हता. म्हणून तयारीसाठी जुने सामने निवडताना अलीकडचे निवडावेत. प्रत्येक संघाचे दोन सामने पुरेसे आहेत: एक उपांत्य फेरीतील दुसरा सामना, आणि दुसरा असा की ज्यात तो संघ पिछाडीवर पडला होता. आघाडीवर असताना सगळेच संघ शिस्तीत दिसतात. पिछाडीवर पडल्यावर प्रशिक्षक कोणाला पुढे पाठवतो, कोणता बचावपटू एकटा पडतो आणि मधली फळी किती विरळ होते, यातून संघाची खरी घडण कळते.

हे सामने पाहताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गोलरक्षकाकडून चेंडू पुढे कसा नेला जातो, छोट्या पासने की लांब फटक्याने? चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत संघ तो हिसकावायला धावतो की मागे सरकून रचना करतो? आणि चेंडू ताब्यात असताना दोन्ही बाजूंचे बचावपटू कुठे असतात? या तीन उत्तरांवर अंतिम सामन्याचा मोठा भाग उभा असतो.

निलंबनाची चौकशी मात्र आता झटपट उरकता येते. उपांत्यपूर्व फेरी संपली की साठलेली पिवळी कार्डे रद्द होतात, त्यामुळे उपांत्य फेरीत लाल कार्ड मिळालेला खेळाडूच सहसा अंतिम सामन्याला मुकतो. पूर्वी असे नव्हते. १९९९ मध्ये रॉय कीन आणि पॉल स्कोल्स हे मँचेस्टर युनायटेडचे दोन्ही प्रमुख मध्यरक्षक पिवळ्या कार्डांमुळे बाहेर बसले होते. हा नियम बदलला हे फार चांगले झाले, असे मला वाटते; वर्षभराच्या मेहनतीनंतर एका किरकोळ धसमुसळेपणासाठी अंतिम सामना गमवावा लागणे ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फारच मोठी होती.

दुसरी पायरी: संघाची यादी वाचणे

सामन्याच्या तासाभराहून थोडे आधी दोन्ही संघांची यादी जाहीर होते. ११ खेळाडू आणि राखीव बाकावर १२, अशी ती २३ जणांची असते. वहीच्या एका पानावर मैदानाचा आयत काढून दोन्ही संघांचे खेळाडू त्यांच्या जागांवर मांडावेत. ४-३-३ किंवा ३-५-२ असे आकडे दाखवले जातात, पण ते सुरुवातीच्या रचनेचे असतात. चेंडू ताब्यात असताना तोच संघ निराळा दिसतो. पाहायचे ते हे, की कोणत्या भागात एका संघाचे खेळाडू दुसऱ्यापेक्षा जास्त आहेत. मध्यभागी तिघांसमोर दोघेच असतील तर तिथे खूण करून ठेवावी.

त्यानंतर यादीत कोण नाही ते पाहावे. २०२१ मध्ये पोर्तो येथील अंतिम सामन्यात प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी मँचेस्टर सिटीच्या पहिल्या अकरा जणांत रॉड्री आणि फर्नांडिन्हो या दोघांनाही घेतले नाही. बचावफळीच्या पुढे उभे राहून ती जागा राखणारा हाडाचा खेळाडूच संघात नव्हता. चेल्सीने ४२ व्या मिनिटाला जो एकमेव गोल केला तो त्याच पट्ट्यातून आलेल्या पासवर. यादी पाहतानाच हा प्रश्न पडलेल्या प्रेक्षकाला त्या गोलचे आश्चर्य वाटले नसेल.

राखीव बाकाची यादीही कागदावर उतरवून ठेवावी. उत्तरार्धात तिची गरज लागते.

तिसरी पायरी: पहिली १५ मिनिटे

या काळात गोलफलकाकडे दुर्लक्ष करून फक्त रचना वाचावी. सुरुवात अगदी पहिल्या स्पर्शापासून करावी. २०२५ च्या अंतिम सामन्यात पीएसजीच्या विटिन्याने सुरुवातीचा चेंडू सरळ लांब मारून इंटरच्या भागात सीमारेषेबाहेर घालवला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चूक वाटेल, पण ती ठरवून केलेली चाल होती. इंटरला स्वतःच्या कोपऱ्याजवळ थ्रो-इन मिळाला, आणि थ्रो-इन घेणाऱ्या संघाचा एक खेळाडू रेषेबाहेर असल्यामुळे तिथे पीएसजीला लगेच दबाव टाकता आला. पहिल्याच क्षणाला चेंडू देऊन टाकायचा आणि जागा घ्यायची, असे ते गणित होते. पुढचा सामना त्याच दिशेने गेला.

या १५ मिनिटांत तीन ठिकाणी नजर फिरवत राहावे. पहिले ठिकाण म्हणजे बचावफळीची रेषा. ती मध्यरेषेच्या जवळ असेल तर तिच्या मागे धावण्याजोगी जागा आहे, आणि खोल असेल तर तिच्या पुढे. दुसरे, बचावफळी आणि मधली फळी यांच्यातले अंतर. हे अंतर वाढले की त्यात उभा राहणारा प्रतिस्पर्धी वळून गोलकडे तोंड करू शकतो आणि बचावाची घडी विस्कटू लागते. तिसरे ठिकाण म्हणजे गोलरक्षकाजवळ चेंडू असताना समोरचा आघाडीपटू कुठे उभा आहे. २०२५ मध्ये डेंबेले इंटरचा गोलरक्षक यान सोमर याच्याकडे रोखून पाहत पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभा राहत असे आणि चेंडूला स्पर्श होताच धाव घेत असे. त्याच्या या धावांमुळे इंटरला घाईघाईने लांब फटके मारावे लागले, आणि लांब फटका म्हणजे बहुतेक वेळा चेंडू परत पीएसजीकडे.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. सुरुवातीचा जोर आणि सामन्यावरची पकड या वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ मध्ये रोममध्ये मँचेस्टर युनायटेडने पहिली काही मिनिटे बार्सिलोनाला अक्षरशः दाबून ठेवले होते. दहाव्या मिनिटाला सॅम्युअल एटोने उजवीकडून आत येत गोल केला आणि चित्र पालटले. त्याआधीच बार्सिलोनाने एक बदल केला होता: लिओनेल मेस्सी उजवी बाजू सोडून मध्यभागी आला आणि एटो उजवीकडे गेला. मेस्सी मधून मागे सरकत राहिला, युनायटेडच्या दोन मध्यवर्ती बचावपटूंना समोर कोणीच उरले नाही, आणि मध्यभागात बार्सिलोनाचा एक खेळाडू कायम जास्त राहिला. फटक्यांची संख्या मोजणाऱ्याला हे दिसत नाही. जागा पाहणाऱ्याला दिसते.

चौथी पायरी: गोल झाला की दहा सेकंद मागे जाणे

माझ्या मते संपूर्ण सामना पाहण्यात ही पायरी सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. गोलनंतरच्या पुनर्दृश्यात शेवटचा फटका तीन-चार कोनांतून दाखवतात, पण कारण त्याच्या बरेच आधी घडलेले असते. सामना मागे नेता येत असेल तर दहा ते पंधरा सेकंद मागे जावे आणि पडद्यावरचा चेंडू हाताने झाकावा, म्हणजे उरलेले खेळाडू दिसू लागतात.

२०२१ चा तो चेल्सीचा गोल असा पाहावा. गोलरक्षक एडुआर्ड मेंडीकडून चेंडू डावीकडे बेन चिलवेलकडे, तिथून मेसन माउंटकडे, आणि माउंटच्या पासवर काई हावेर्ट्झ धावत जाऊन गोलरक्षकाला चुकवतो. चेंडूचा प्रवास एवढाच आहे. आता टिमो वेर्नरकडे पाहावे, ज्याला या सबंध चालीत चेंडू लागलेलाही नाही. तो मध्यभागातून डावीकडे धाव घेतो, सिटीचा मध्यवर्ती बचावपटू रुबेन डियास त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि ज्या पट्ट्यात डियास असायला हवा होता तोच पट्टा हावेर्ट्झला मोकळा मिळतो. गोल हावेर्ट्झच्या नावावर आहे, पास माउंटच्या. वाट वेर्नरने करून दिली.

दुसरे उदाहरण २०२५ चा पहिला गोल, १२ वे मिनिट. विटिन्याने पेनल्टी क्षेत्रात देझिरे दुएला पास दिला, दुए वळला आणि त्याने चेंडू समोर आडवा सरकवला, तिथे अश्रफ हकिमीने रिकाम्या गोलमध्ये तो ढकलला. इंटरचे बाकीचे बचावपटू पुढे सरकले असताना फेडेरिको डिमार्को एकटा मागे राहिला होता, आणि त्याच्यामुळे दुए ऑफसाइड ठरला नाही. कारणमीमांसा इथेच थांबवली तर सगळा दोष डिमार्कोवर येतो. पण हकिमी हा उजव्या बाजूचा बचावपटू आहे आणि तो गोलपासून काही पावलांवर उभा होता. बचावपटूच इतका आत येतो तेव्हा समोरच्या संघाला कोणाचा पाठलाग कोणी करायचा हेच कळेनासे होते. ज्या संघाचे सगळेच खेळाडू जागा बदलतात, त्याच्यासमोर प्रत्येकाने एकेक खेळाडू वाटून घेण्याची पद्धत टिकत नाही.

प्रत्येक गोलसाठी वहीत एकच ओळ लिहावी: जागा कोणी मोकळी केली, आणि ती कोणी भरायला हवी होती. तीन-चार सामन्यांनंतर ही ओळ सामना चालू असतानाच सुचू लागते.

पाचवी पायरी: मध्यांतर

मध्यांतराची १५ मिनिटे विश्लेषकांच्या गप्पा ऐकण्यापेक्षा स्वतःच्या आकृतीसाठी वापरावीत. पूर्वार्धात कोणत्या भागात कोणाचे खेळाडू जास्त पडत होते ते कागदावर पुन्हा मांडावे आणि पिछाडीवरच्या संघाच्या प्रशिक्षकाने काय करायला हवे, याचा अंदाज लिहून ठेवावा. अंदाज चुकला तरी उत्तरार्ध पाहण्याला दिशा मिळते.

या सरावासाठी २००५ चा इस्तंबूल येथील सामना उत्तम आहे. एसी मिलान मध्यांतराला लिव्हरपूलविरुद्ध ३-० असा पुढे होता. पाओलो माल्दिनीने पहिल्याच मिनिटाला आणि हर्नान क्रेस्पोने नंतर दोन गोल केले होते. मिलानच्या मध्यभागात पिर्लो, गाटुझो, सेडॉर्फ आणि काका असे चौघे होते, आणि त्यांच्यासमोर लिव्हरपूलकडे जागा राखायला स्टीव्हन जेरार्ड आणि झाबी अलोन्सो एवढे दोघेच. लिव्हरपूलच्या मधल्या फळी आणि बचावफळी यांच्या मधोमध काका मोकळा फिरत होता. तिसऱ्या गोलसाठी त्याने दिलेला लांब पास हे त्याचेच फळ.

मध्यांतराला प्रशिक्षक राफाएल बेनिटेझ यांनी उजवा बचावपटू स्टीव्ह फिनन याला काढून डिटमार हामान या मध्यरक्षकाला आणले आणि मागे तिघेच ठेवले. एक बचावपटू कमी करून बचाव सुधारला, हे ऐकायला उलटे वाटते. पण मिलानचे आघाडीपटू दोनच होते. त्यांना तिघे पुरेसे होते, आणि हामान काकाच्या जागेत जाऊन उभा राहिला. त्यामुळे जेरार्डला पुढे जाण्याची मुभा मिळाली. ५४ व्या मिनिटाला जेरार्डने हेडरने गोल केला, दोन मिनिटांनी व्लादिमिर श्मिट्सरने दुरून, आणि ६० व्या मिनिटाला पेनल्टीवर. ही पेनल्टी जेरार्ड पेनल्टी क्षेत्रात धावत आला असताना गाटुझोने त्याला पाडल्यामुळे मिळाली होती. अलोन्सोचा फटका अडवला गेला, पण परत आलेला चेंडू त्यानेच आत घातला. या पुनरागमनाची गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, परंतु एका खेळाडूची जागा बदलल्यामुळे तिला वाट मिळाली, हे विसरले जाऊ नये.

सहावी पायरी: बदली खेळाडू

९० मिनिटांत पाच बदल करता येतात, मात्र खेळ तीनदाच थांबवून. मध्यांतरातील बदल या तीन संधींत धरला जात नाही. जादा वेळ झाला तर आणखी एक बदल मिळतो. प्रत्येक बदल लिहून ठेवताना मिनिट, आत कोण, बाहेर कोण आणि कोणाची जागा सरकली, एवढे नोंदवावे.

चांगला बदल सामना कसा फिरवतो हे २००६ मध्ये पॅरिसला दिसले. गोलरक्षक येन्स लेमन याला १८ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळूनही दहा खेळाडूंचा आर्सेनल आघाडीवर होता. बार्सिलोनाने ६१ व्या मिनिटाला हेन्रिक लार्सनला आणि नंतर ज्युलियानो बेलेत्तीला आणले. ७६ व्या मिनिटाला एटोने आणि काही मिनिटांतच बेलेत्तीने गोल केला. दोन्ही पास लार्सनचे होते. २०१८ मध्ये कीव्ह येथे रेयाल माद्रिदचा गॅरेथ बेल मैदानात आल्यावर तीन मिनिटांत त्याने हवेत मागे झेपावत उलट्या फटक्याने गोल केला.

बदलाची दुसरी बाजू अधिक शिकवणारी आहे. २०१२ मध्ये बायर्न म्युनिक स्वतःच्याच मैदानावर चेल्सीविरुद्ध खेळत होता. थॉमस म्युलरने ८३ व्या मिनिटाला गोल केला आणि लगेच त्याला काढून डॅनियल व्हॅन बॉयटेन हा बचावपटू आणला गेला. ८८ व्या मिनिटाला दिदिए द्रोग्बाने बरोबरी साधली. जादा वेळेत फ्रँक रिबेरी दुखापतीमुळे बाहेर गेला, आणि आर्येन रॉबेनची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक याने अडवली. शूटआऊटची वेळ आली तेव्हा म्युलर आणि रिबेरी मैदानात नव्हते, रॉबेनने फटका घेतला नाही, आणि बायर्नचा तिसरा फटका गोलरक्षक मानुएल नॉयर याने घेतला. त्याने गोल केला, पण संघ हरला. आघाडी राखण्यासाठी केलेल्या बदलाची किंमत अर्ध्या तासानंतर मोजावी लागू शकते, म्हणून बाहेर गेलेल्या खेळाडूंची नावे खोडून टाकू नयेत.

सातवी पायरी: कॉर्नर आणि फ्री किक

अंतिम सामन्यात दोन्ही संघ जपून खेळतात, मोकळ्या खेळात जागा कमी मिळते आणि थांबलेल्या चेंडूचे महत्त्व वाढते. १९९९ मध्ये बार्सिलोनात युनायटेडने बायर्नला हरवले ते भरपाई वेळेतल्या दोन कॉर्नरवर. दोन्ही डेव्हिड बेकहॅमने घेतलेले. २०१४ मध्ये लिस्बनला अ‍ॅटलेटिको १-० असा जिंकत होता, ९० मिनिटे संपून तिसरे मिनिट चालू होते, तेव्हा लुका मॉड्रिचच्या कॉर्नरवर सर्जिओ रामोसने हेडर मारला आणि जादा वेळेत रेयाल माद्रिद ४-१ असा जिंकला. २०२४ मध्ये वेम्बलीवर पूर्वार्धात डॉर्टमुंडने चांगल्या संधी दवडल्या आणि ७४ व्या मिनिटाला टोनी क्रूसच्या कॉर्नरवर रेयालच्या डॅनी कार्व्हाहालने गोल केला. कार्व्हाहाल हा संघातला उंच खेळाडू नव्हे. उंच खेळाडूंवर पहारा बसतो, आणि जवळच्या खांबाकडे धावणारा बुटका खेळाडू सुटतो.

म्हणून कॉर्नर घेतला जाण्यापूर्वी चेंडूकडे पाहू नये. गोलरक्षकासमोर कोण गर्दी करते, जवळच्या खांबाशी बचाव करणारा कोण आहे, आणि पेनल्टी क्षेत्राबाहेर परत येणाऱ्या चेंडूसाठी कोण थांबले आहे, हे पाहावे. सामन्यातील पहिल्या दोन कॉर्नरवर संघ कोणती चाल वापरतो ते लक्षात राहिले, तर पुढचे ओळखता येतात.

ऑफसाइड आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवरून निर्णय तपासण्याची पद्धत, याबद्दल फार लिहायची गरज नाही. या स्पर्धेत व्हीएआर २०१८-१९ च्या बाद फेरीपासून आहे आणि २०२२-२३ पासून ऑफसाइडसाठी अर्ध-स्वयंचलित यंत्रणा वापरली जाते. तपासणी चालू असताना आनंद किंवा निराशा आवरून धरावी आणि तो वेळ खेळाडूंच्या हालचाली पाहण्यात घालवावा. अशा थांब्यांत प्रशिक्षक खेळाडूंना रेषेजवळ बोलावून सूचना देतात आणि खेळ सुरू झाला की रचना बदललेली असते.

आठवी पायरी: जादा वेळ आणि शूटआऊट

जादा वेळेत दमलेले पाय शोधावेत. बाजूने धावणारे बचावपटू परत यायला उशीर करू लागतात, मधल्या फळीतील अंतर वाढते, आणि पूर्वार्धात ज्या जागा बंद होत्या त्या उघडतात. २००५ मध्ये जेरार्ड जादा वेळेत उजव्या बाजूला बचावात खेळत होता, कारण मिलानने ताज्या दमाचा सर्जिन्हो त्या बाजूने सोडला होता. ज्या खेळाडूने पहिला गोल केला तोच अखेरीस बचावपटू म्हणून धावत होता.

शूटआऊटमध्ये पहिला फटका घेणारा संघ फायद्यात असतो, असे बोलले जाते. २००८ मध्ये मँचेस्टर युनायटेड आणि २०१६ मध्ये रेयाल माद्रिद पहिले फटके घेऊन जिंकले. २००५ मध्ये मिलान आणि २०१२ मध्ये बायर्न पहिले फटके घेऊन हरले. नाणेफेकीवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गोलरक्षकाकडे पाहावे. फटका मारला जाताना त्याचा किमान एक पाय गोलरेषेवर, तिच्या सरळ वर हवेत किंवा तिच्या मागे असायला हवा, त्यामुळे पुढे झेपावून कोन कमी करण्याची वाट आता बंद आहे. उरतो तो अभ्यास आणि संयम. १९८६ मध्ये सेव्हियात स्तेआवा बुखारेस्टच्या हेल्मुथ डुकादामने बार्सिलोनाचे चारही फटके अडवले होते. २०१२ मध्ये चेकने जादा वेळेतील पेनल्टी धरून प्रत्येक वेळी योग्य दिशेला झेप घेतली.

नववी पायरी: सामन्यानंतरचे आकडे आणि पुन्हा पाहणे

आकडेवारी शेवटी वाचावी, आधी नाही. २०१२ मध्ये बायर्नला २० कॉर्नर मिळाले आणि चेल्सीला एक. चेल्सीचा गोल त्या एकावर झाला. २०२२ मध्ये पॅरिसला लिव्हरपूलने रेयाल माद्रिदपेक्षा कितीतरी जास्त फटके मारले, रेयालचा गोलरक्षक थिबो कुर्तुआ याने नऊ फटके अडवले, आणि ५९ व्या मिनिटाला फेडेरिको व्हाल्व्हेर्देच्या पासवर दूरच्या खांबाशी एकटा सुटलेल्या विनिसियसने रेयालला सामना जिंकून दिला. चेंडूवरचा ताबा, फटके आणि कॉर्नर यांतून दबाव किती होता ते कळते, तो कुठे होता ते कळत नाही. आपल्या आकृतीवर केलेल्या खुणा आणि हे आकडे शेजारी ठेवावेत; जिथे दोन्ही जुळत नाहीत तीच दहा-पंधरा मिनिटे पुन्हा पाहावीत, सबंध सामना नाही.

पुढच्या अंतिम सामन्याची वाट पाहताना सराव करायचा असेल, तर सर्वांत आधी १९९४ चा अथेन्स येथील सामना घ्यावा. फाबिओ कापेलो यांच्या मिलानमध्ये फ्रँको बारेसी आणि अलेसांड्रो कोस्टाकुर्ता हे दोन्ही मध्यवर्ती बचावपटू निलंबित होते आणि योहान क्रॉयफ यांच्या बार्सिलोनाचे पारडे जड मानले जात होते. मिलान ४-० असा जिंकला. निकाल माहीत असल्यामुळे गोलची उत्सुकता आड येत नाही. पहिल्यांदा पाहताना फक्त मिलानच्या मार्सेल देसाई याच्याकडे पाहावे. बचावफळीसमोर उभा राहून तो बार्सिलोनाचा पास कुठे येणार याची वाट कशी पाहतो, चेंडू जिंकल्यावर किती पावले पुढे जातो, आणि चौथा गोल करण्यासाठी तो पेनल्टी क्षेत्रात नेमका कोणत्या क्षणी शिरतो, हे वहीत मिनिटासह टिपावे. दुसऱ्यांदा पाहताना तेच बार्सिलोनाच्या मधल्या फळीसाठी करावे, आणि मग दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत.